चिनीमातीच्या दाताचं गाऱ्हाणं

दवाखान्यात घाबरतो तो पेशंट, हा लोकांचा मोठा गैरसमज आहे. मालवणच्या बाजारपेठेतल्या त्या दवाखान्यात मी सात-आठ वर्षं काढली आणि तिथे सगळ्यात जास्त घाबरलो तो मीच! किस्से काही मुद्दाम गोळा केले नाहीत. एकेका भीतीचा एकेक किस्सा होत गेला. आता चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "तो ॲसिडवाला सांग रे." पण तो एकटा सांगून भागत नाही, मागचं-पुढचं सगळं काढावं लागतं.

तर आधी माणसं. दवाखाना मोठ्या डॉक्टरांचा. दात काढणं, कॅप बसवणं त्यांचं काम. मी पुण्याचा, वाकड्या दातांना तारा लावणारा. २००१ साली बायकोची बँकेतून कुडाळला बदली झाली, तिच्यामागून मी आलो. आणि आमच्या असिस्टंट शालूताई. त्या कोणाला घाबरायच्या नाहीत. मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून जेवायला जायचे!

*

पहिल्याच वर्षी एका कॉलेजकुमाराला तारा लावल्या. सुट्टीत तो वडिलांबरोबर मासेमारीला जायचा. चार दिवस झाले नाहीत तर वडील दवाखान्यात हजर. ऑक्टोबरचे दिवस, रोज संध्याकाळी विजा कडाडत होत्या.

"डॉक्टर, ह्येच्या तोंडातला लोखंड आधी काढा. ह्येका घेवन माका होडयेत बसूचा नाय. वीज सरळ ह्येच्या तोंडात पडतली!"

मी म्हटलं, "अहो, ते लोखंड नाही, स्टील आहे." त्याने काही फरक पडला नाही. एवढ्यात शालूताईंचं लक्ष त्यांच्याच तोंडाकडे गेलं. पुढचा दात अख्खा सोन्याचा!

"आणि तुमच्या तोंडात ता पिवळा काय आसा?"

गृहस्थ जराही डगमगले नाहीत. "ता सोना. सोन्याक वीज हात लावणा नाय!"

आम्ही खूप हसलो. पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना वीज चमकली आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं. माझ्या तोंडात तर तारही नव्हती!

*

मयुरी आली ती २००४ साली. बावीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची. सुळे वर चढलेले, बाकीचे दात दाटीवाटीने उभे. हसायच्या आधी हात तोंडावर जायचा. पोरं विचारायची म्हणे, "बाई, तुमचो दात दुकता?" सोबत तिची आई, मालतीमावशी. त्या मासळी बाजारात विकायला बसायच्या.

केस सोपी होती. पण आरसा घालून पाहिलं तर पुढचा एक दात चिनीमातीचा! सतरा वर्षांची असताना ती जेटीवर घसरून पडली होती, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सिरॅमिकची कॅप बसवली होती.

आता अडचण काय ते सांगतो. तार धरायला प्रत्येक दातावर धातूचा एक छोटा तुकडा चिकटवतात. तो ब्रॅकेट. खऱ्या दातावर तो बसतो मुकाट्याने. चिनीमातीवर बशीसारखी झिलई असते, तिथे गोंद धरत नाही. झिलई आधी जहाल ॲसिडने मारावी लागते. आणि एकदा पक्का बसला, की काढताना कॅपलाच चीर जायची भीती.

मी आपला सहज बोलून गेलो, "चीर गेलीच तर दुसरी कॅप बसवू. आठ दिवसांचं काम."

मावशी उठल्याच. "नको डॉक्टर. तशे आसत ते बरे आसत. चल गो मयुरी."

मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि त्या कॅपची गोष्ट सांगितली. कॅपचा रंग ठरवायला नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. मयुरीचे वडील, दर्यावर जाणारा माणूस, ती पट्टी आणि लेक दोघांना घेऊन रस्त्यावर उन्हात गेले होते. "बल्बाच्या उजेडात खरो रंग कळणा नाय." एकेक नमुना तिच्या दाताशी धरून पाहिला. चांगला पाऊण तास! जो निवडला, तो असा जुळला की मोठे डॉक्टरही चाट पडले. पुढे दोन वर्षांनी तिचे वडील तापाने गेले. घरात त्यांचा धड फोटोही नव्हता.

माझी मलाच लाज वाटली. जिन्यात जाऊन मावशींना गाठलं आणि म्हटलं, "कॅपला काही होऊ देणार नाही." म्हटलं खरं! पुढचं दीड वर्ष मी त्या एका वाक्याला घाबरून काढलं.

*

ॲसिड मुंबईहून आलं. मोठ्या डॉक्टरांनी एक थेंब काचेच्या पट्टीवर टाकला, थोड्या वेळाने धुतला. तिथली काच पांढुरकी झाली होती. "कातडीवर पडलं तर आतपर्यंत जातं," ते शांतपणे म्हणाले. बाटली कपाटात ठेवली, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली, कुलूप घातलं.

सोमवारी कपाट उघडतो तर बाटलीला हळदकुंकू, पुढ्यात जास्वंदीचं फूल! दुसरी किल्ली शालूताईंकडे असते हे मला तेव्हा कळलं.

"शालूताई, हे काय?"

"असल्या जागृत वस्तूक नुसता कुलूप घालून भागता काय?"

पुढच्या सोमवारी मात्र फूल दिसलं नाही, तेव्हा मीच विचारलं, "आज फूल राहिलं वाटतं?"

*

हात बसावा म्हणून मी सराव सुरू केला. लग्नात मिळालेल्या सेटमधले चार कप दवाखान्यात आणले. ॲसिड, गोंद, ब्रॅकेट. एकदम पक्के बसले! दोन दिवसांनी पक्कड घेऊन काढायला गेलो.

पहिला कप, टचकन टवका उडाला. ब्रॅकेट टवक्यावर तसाच! दुसरा नीट निघाला. तिसऱ्याला कानापासून बुडापर्यंत चीर. चौथ्याला हात लावायची माझी छाती झाली नाही.

मोठ्या डॉक्टरांनी तो टवका उजेडात धरून पाहिला. "चिकटवायला तुला उत्तम येतं. आता काढायला शीक!"

चौथ्या कपावरचा ब्रॅकेट तसाच राहिला. शालूताई मला चहा त्याच कपातून द्यायच्या, मुद्दाम.

*

चिकटवायचा दिवस उजाडला. हिरडीला व्हॅसलीन, भोवती रबराचा पडदा, ओठ क्लिपने मागे ओढलेले. मयुरीला दहा वेळा बजावलं, "चार मिनिटं. बोलायचं नाही, जीभ हलवायची नाही, हं सुद्धा म्हणायचं नाही." ॲसिड लावलं. घड्याळ लावलं.

बाहेर मावशींना बसवेना. दाढ काढायला एक आजोबा आले होते, गाल हा एवढा सुजलेला. गावचे मानकरी. मावशींनी त्यांनाच गळ घातली, "आजोबानू, येक गाऱ्हाणा घाला हो!"

आजोबा उठून उभे राहिले. सुजलेल्या तोंडाने खणखणीत सुरुवात!

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वेटिंग रूम.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. इथल्या माणसाला ते ऐकू आलं की होकार आपोआप तोंडात येतो, त्याला विचारावं लागत नाही. मयुरीचा गळा हलला. रबरामागे जीभ उचलली जाताना मला दिसली!

"ह्या चेडवाचा काम आज काढलेला आसाऽ, ता सुखरूप पार पाड रे म्हाराजाऽ!"

"मयुरी, तू बोलू नकोस!" मी किंचाळलो. "तुझ्या वतीने मी बोलतो! व्हय म्हाराजा!"

"जा काय वायट-वाकडा आसात, ता भायरच्या भायर घालव रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" एका हातात लाळ ओढायची सक्शनची नळी, डोळे घड्याळावर, आणि मी, घरच्या सत्यनारायणालाही न बसणारा माणूस, जिवाच्या आकांताने होकार देत होतो. चार मिनिटांत नऊ वेळा!

मोठे डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "आजोबा, आता बसा. आमच्या डॉक्टरांचा घसा बसला."

*

वर्षभर ठीक गेलं. मावशी बावीस वर्षांच्या लेकीला माशाचे काटे काढून भरवायच्या. एक दिवस भर दुपारी त्या धावत जिना चढून आल्या. पदराच्या टोकात काहीतरी बांधलेलं.

"फुटलो डॉक्टर! जेवताना फुटलो!"

पदर सोडला. आत पांढरा, चकचकीत तुकडा. शालूताईंनी स्टूल सरकवलं म्हणून, नाहीतर आडवाच झालो असतो. मागून मयुरी धापा टाकत वर आली. मी तोंड उघडायला लावलं. कॅप जागच्या जागी, ब्रॅकेट जागच्या जागी!

मोठ्या डॉक्टरांनी तुकडा चिमटीत धरला, उलटासुलटा केला. "मालती, हे कालवणातल्या तिसऱ्यांचं शिंपलं आहे."

इतकी वर्षं मासळी विकणाऱ्या बाईने शिंपलं ओळखलं नव्हतं. मला हसू नाही आलं. कारण मीही ओळखलं नव्हतं.

*

मग एकदाचा काढायचा दिवस आला. मावशी म्हणाल्या, "माका बगवूचा नाय." त्या खाली जिन्याच्या पायरीवर टोपली घेऊन बसल्या. वेटिंग रूममध्ये चिटपाखरू नव्हतं.

बाकीचे ब्रॅकेट पटापट निघाले. दात एका रांगेत, सुंदर! राहिला तो एकच. मी पक्कड लावली. हात पुढे दाबेना. डोळ्यांपुढे तो तिसरा कप.

"दाबा डॉक्टर," शालूताई म्हणाल्या.

"दाबतो."

"कधी?"

पंखा फिरत होता. मयुरी तोंड उघडून छताकडे बघत होती, डोळ्यांच्या कडा ओल्या. माझ्या कपाळावरचा घाम नाकापर्यंत आला. आणि तेवढ्यात कोणीतरी बोलायला लागलं.

"बा देवा म्हाराजा..."

कोण आलं म्हणून मी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आवाज माझाच होता!

"...ह्या चेडवाचो दात... जसो व्हतो तसोच रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शालूताई.

"व्हय म्हाराजा!" खालून, पायरीवरून, मावशी.

या वेळी 'बोलू नकोस' असं सांगायचं मी विसरलो होतो.

"व्हय म्हाराजा!" मयुरी.

जबडा हलला. टक्!

पक्कडीत ब्रॅकेट होता. दाताकडे बघायचं धाडस मला होईना. शालूताईंनीच दिवा वळवला. उरलेला गोंद मी हळूहळू घासून काढला. वरून पाहिलं, खालून पाहिलं, आरशात पाहिलं. चीर नव्हती.

मी आरसा पुढे केला तर मयुरीने तो घेतलाच नाही. गळ्यातल्या नॅपकिनसकट खुर्चीतून उठली आणि जिना उतरून खाली. मी मागोमाग.

मावशींनी तिला हाताला धरून रस्त्यावर उन्हात नेलं. हनुवटी धरून तोंड या बाजूला केलं, त्या बाजूला केलं. माणसं वळून बघत होती. मी पायरीवर उभा. मयुरी हसत होती आणि तिचे दोन्ही हात खाली होते.

मावशींनी हनुवटी सोडली, पदराने डोळे पुसले आणि समुद्राकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या,

"अवो, बगलात? तुमी निवडलेलो दात तसोच आसा!"