गाळलेल्या अर्जांतले एक नाव

कुंदाताई कान्हेगावकर यांची आणि माझी पहिली ओळख मतभेदातून झाली. क्रांती चौकामागच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या अनुवाद कार्यालयात मी संगणकाच्या कामासाठी गेले होते. एका परदेशी प्रकाशकाला पोर्तुगीज म्हणी आणि वाक्प्रचार फ्रेंचमध्ये आणायचे होते. त्यासाठी अनुवादक शोधून देणे हे आमचे काम. पदवी, प्रमाणपत्र आणि अनुभव तपासणारा प्रोग्राम मी लिहिला. आलेल्या अर्जांतून नऊ नावे निघाली.

ताईंनी वेरूळ-दौलताबादच्या गाइडांच्या कित्येक तुकड्यांना फ्रेंच शिकवले आहे. पोर्तुगीज त्यांना येत नाही आणि त्या ते लपवत नाहीत. त्यांनी नऊही जणांना फोन केले. प्रत्येकापुढे एक म्हण ठेवली, पण अर्थ विचारला नाही. "हे कोण कुणाला म्हणतं? ऐकणाऱ्याला राग येतो का?" एवढेच विचारले. अर्थ सगळ्यांनी आपणहून सांगितला. ऐकणाऱ्याबद्दल कुणालाच सांगता आले नाही.

"गाळलेले अर्ज काढ."

"त्यांच्याकडे प्रमाणपत्रं नाहीत, ताई."

"असू दे. तुझ्या गाळणीनं चहा फेकून चोथा ठेवला असंल तर?"

मला ते लागले. अर्ज मात्र काढले.

त्यांत पॅरिसच्या एका बाई होत्या. व्यवसाय: इमारतीची देखभाल. त्यांची आई पोर्तुगालमधून त्याच कामासाठी आलेली. आईचे बोलणे भाडेकरूंना फ्रेंचमध्ये सांगायचे काम लहानपणापासून या मुलीकडे. ताईंचा प्रश्न ऐकून त्या हसल्या. "आई हे तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना म्हणायची. त्यांना ती स्तुती वाटायची. मीही तसंच वाटू द्यायचे."

"सापडली," ताई मला म्हणाल्या.

प्रकाशकाने नकार दिला. प्रमाणपत्र हवे, नाहीतर इंग्रजीवरून अनुवाद करून द्या. तेही जमत नसेल तर काम दुसरीकडे जाईल. त्या वेळी कार्यालयाकडे दुसरे मोठे काम नव्हते. ताईंनी उत्तर सांगितले, मी टाइप केले: इंग्रजीमार्गे आलेली म्हण आम्ही पाठवणार नाही. या बाई नको असतील तर आमचेही नाव काढावे.

"जरा सौम्य करू का?" मी विचारले.

"एक शब्द हलवायचा नाय."

आठ दिवस उत्तर आले नाही. ताई रोज दहाला येत, गाइडांचा वर्ग घेत. नवव्या दिवशी प्रकाशकाने त्या बाईंकडून नमुन्याची वीस पाने मागवली. आज पुस्तकाच्या पहिल्या पानावर अनुवादक म्हणून त्यांचे नाव आहे.

ताईंना पंचाहत्तरावे लागले. यंत्रे सगळे करतात, आता कार्यालय बंद करा, असे त्यांना सुचवणारे या गौरवग्रंथाच्या वाचकांतही असतील. ती यंत्रे मी बनवते. म्हणून जबाबदारीने लिहिते: कार्यालय बंद होणार नाही. ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि माझी प्रत्येक यादी त्यांच्या टेबलावरून परत येत राहो. गाळलेले अर्ज मी आता सोबतच नेते.