नुसतं पाणी तपासलं तर?

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी लातुरातच बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. नव्या कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग ताजा होता आणि गावातले नळ कोरडे होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझे वडील, आप्पा, चाकूरजवळ रोजगार हमीच्या तलावावर माती उचलत. रविवारी घरी गेलो की विचारत, "नव्या कचेऱ्यांत भरती होनार म्हनत्यात. पदवी हातात येती न्हवं औंदा?"

"येती," मी म्हणायचो, आणि ताटावरून उठायचो. लेखी परीक्षेचं मला भय नव्हतं. पण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक तोंडी प्रश्न विचारत, आणि चार लोकांत माझं तोंड उघडत नसे. तिथं नापास म्हणजे वर्ष गेलं.

आमच्या वर्गाची एक रीत होती. तास संपताना सर विचारत, "समजलं का?" आणि आम्ही एका सुरात "हाव सर!" म्हणून मोकळे होत असू. काहीच समजलं नसलं की आवाज जरा जास्तच चढायचा.

त्या वर्षी आलेल्या केमिस्ट्रीच्या सरांनी हे बंद केलं. ते आधी प्रश्न विचारत, मग खडू बोटांत फिरवत गप्प उभे राहत. नाव मागाहून घेत. नाव येईपर्यंत प्रत्येकाला तो प्रश्न आपलाच वाटे. त्या शांततेत माझे पाय बाकाखाली आपोआप हलू लागत. "माहीत नाही सर" म्हणून सुटकाही नव्हती. "बरं, मग जेवढं माहीत आहे तेवढं सांग," असं म्हणून ते पुन्हा थांबत.

शेवटच्या वर्षाच्या आम्हा मुलांना ते संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबवून घेत. जाताना प्रत्येकाने एक तरी प्रश्न विचारायचा, असा त्यांचा नियम. मी घोळक्यात मिसळून सटकायचो. माझ्या खोलीतला औशाचा मित्र म्हणायचा, "मौनीबाबा, परीक्षकाला काय हातवारे करून दाखवनार हाईस?"

एका संध्याकाळी क्षार ओळखायचे होते. डिस्टिल्ड पाणी संपलेलं, म्हणून आम्ही टँकरचं पाणी वापरलं. क्लोराईड असलं तर सिल्व्हर नायट्रेटने द्रव पांढरा होतो; ते टाकलं आणि सगळ्यांच्या नळ्या पांढऱ्या होऊ लागल्या.

"क्लोराईड, सर!" सगळे ओरडले.

"सगळ्यांच्याच क्षारात?" सरांनी विचारलं. "कशातलं आहे हे क्लोराईड?" आणि ते गप्प झाले.

मला सुचलं होतं. खोलीवर त्याच पाण्याचा चहा खारट व्हायचा. पण सुचलेलं ओठांपर्यंत येईना. सरांची नजर फिरत माझ्यावर थांबली आणि थांबूनच राहिली.

"सर..." मी म्हणालो, "नुसतं पाणी तपासलं तर?"

सरांनी माझ्यापुढे रिकामी नळी धरली. मी पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. पांढरं.

"म्हंजी आमच्या चहात बी क्लोराईड!" औशाचा मित्र ओरडला आणि हशा पिकला. सर हसले नाहीत. मला म्हणाले, "आज तुझा प्रश्न झाला. जा." मी गेलो.

परीक्षेला नांदेडहून परीक्षक आले. मला एक क्षार ओळखायला दिला. माझ्या नळीतही पांढरं आलं, पण पातळ, दुधात पाणी घातल्यासारखं.

"काय आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"क्लोराईड."

"नक्की?"

पुढे ते काही बोलले नाहीत. "हाव सर" म्हणून टाकावं असं अगदी जिभेवर आलं. बाटलीत डिस्टिल्ड पाणीच होतं. पण नळ्या आम्ही टँकरच्या पाण्याने विसळल्या होत्या.

"सर, आधी नुसतं पाणी तपासू का? तशाच विसळलेल्या दुसऱ्या नळीत?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. "तपासा."

पाणीही तेवढंच पांढरट झालं.

"मग तुमच्या क्षारात काय आहे?"

"ते अजून माहीत नाही, सर. पण हे पांढरं पाण्यातलंही असू शकतं."

"शोधा मग," म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले. चांगलं म्हणाले की वाईट, कळेना. मी एकेक परीक्षा करत गेलो. शेवटी नळीत तपकिरी कडं धरलं. नायट्रेट. त्यांनी दुरूनच मान हलवली. पास झालो हे निकालाच्या दिवशीच कळलं. तोवर आप्पांनी विचारलं की मी अंगणात जाऊन उभा राहायचो.

पण परीक्षेच्या दिवशी बाहेर पडलो तेव्हा आमचे सर व्हरांड्यात उभे होते.

"काय विचारलं त्यांनी?"

"मीच विचारलं, सर."

सर नेहमीसारखे नुसते थांबले. आणि मी बोलत सुटलो.