माती किती वाजता?

खरं बोलणाऱ्याला जगात मान मिळतो, असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. भिंतीवर लिहायला काय जातंय? रंग तेवढा ग्रामपंचायतीचा जातो. खरं काय ते धुरपताबाईला विचारा. गंगाखेडपासून जरा आत, गोदावरीकाठच्या एका गावात ही बाई साठीला आली, पण तिच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही. त्याचं फळ काय मिळालं? सोयरीक जमवायच्या बैठकीला तिला कुणी बोलवीना. बारशाला बोलावलंच तर पाळण्यापासून लांब बसवीत. ती पारावरून चालली की बोलणारी माणसं एकदम आभाळाकडं बघायला लागत.

घरामागच्या तुकड्यात ती भाजी लावायची आणि गंगाखेडच्या बाजारात नेऊन विकायची. गिऱ्हाईकानं वांगं उचललं की ही म्हणायची, "कालची हायेत बाई, लगेच करणार असशील तर ने." शेजारच्या पथारीवरची तीन दिवसांची वांगी "आत्ताच तोडून आणलीत ताई" म्हणून उठायची. हिची वांगी तशीच टोपलीत घरी यायची. मग घरात आठवडाभर वांग्याचीच भाजी. नवरा म्हणायचा, "सविताची माय, तुझं खरं आमाला लय खायला लागतंय बघ."

आणि देवाची करणी बघा, ह्या बाईच्या गळ्यात त्यानं नवरा बांधला तो बन्सीधर! साऱ्या तालुक्यात मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्याकडं मयताला जाणं म्हणजे 'मातीला जाणं', आणि मातीची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. सरण पेटलं की एकेकानं पुढं होऊन श्रद्धांजलीचं चार शब्दांचं भाषण करायचं. बाकीचे चार शब्द बोलायचे, बन्सीधर चाळीस मिनिटं बोलायचा. पांढरा फेटा बांधून, हात जोडून, "आज गाव पोरकं झालं" असा त्यानं सूर लावला की ज्याला मेलेल्याचं नावही माहीत नाही तोसुद्धा रुमाल काढायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते दूध काढायचं काम ह्या गड्याकडं होतं.

मागं परमेश्वर पाटील गेला. त्यानं सख्ख्या भावाचा बांध दरवर्षी थोडाथोडा कोरून अर्धं रान घशात घातलं होतं. नदीकाठी भोंग्यावरून बन्सीधरचा आवाज आला, "परमेश्वरराव म्हणजे भावावर जीव ओवाळून टाकणारा देवमाणूस!" इकडं अंगणात बायकांत बसलेली धुरपताबाई म्हणाली, "जीव न्हाई, बांध ओवाळला." बायका दचकल्या. एक म्हातारी म्हणाली, "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू न्हाई गं." धुरपताबाईनं विचारलं, "तो जित्ता व्हता तवा बोलले, तर तवाबी गप बस म्हणलात. मग बोलावं कवा?" त्या दिवसापासून मयताच्या घरीही तिला लांब बसवायला लागले.

पुढं गावाचा ग्रुप निघाला. 'आपलं गाव, आपली माणसं.' सगळी माणसं मोबाइलात आली आणि पार ओस पडला. ग्रुपवरही बन्सीधरनं मातीची रीत आणली. "दुःख कळवायला उशीर नसावा, आणि दुःख मानायला तर अजिबात नसावा," असं त्यानं सगळ्यांना शिकवलं. मग काय विचारता! कुणी गेल्याची बातमी पडली रे पडली की फुलं, हात, दिवे, भावपूर्ण श्रद्धांजली, यांचा नुसता पाऊस. पहिला नंबर नेहमी महारुद्रचा. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, म्हणून फुलांचं चित्र तो मोबाइलात तयारच ठेवायचा. मेलेला कोण, हे नंतर बघायचा.

असं सगळं छान चाललं होतं. पण एका सकाळी बन्सीधरच्या तोंडातून भळाभळा रक्त आलं. पोटातली जखम फुटली होती. जावई जीवननं त्याला गाडीत घालून परभणीच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आजच करावं लागेल, आणि त्याला रक्त लागेल. रक्तपेढीत साठा कमी होता. तिथल्या माणसानं सांगितलं, "तुम्हाला लागणारं रक्त आम्ही देतो, पण बदल्यात सहा माणसं आणा. गट कोणताही चालेल. संध्याकाळच्या आत आणा म्हणजे झालं."

जीवननं दिलं, सविता या त्यांच्या लेकीनंही दिलं. मुलगा पुण्याहून निघाला होता, तो पोचायला रात्र होणार होती. धुरपताबाईनं बाही वर केली, तर नर्स म्हणाली, "मावशी, तुमच्याच अंगात रक्त नाही." राहिली चार माणसं. चार म्हणजे काय, बन्सीधरनं आजवर चारशे सरणांपुढं गळा काढला होता! धुरपताबाई फोन घेऊन बसली.

महारुद्र म्हणाला, "काकू, तुमी अजिबात काळजी करू नका, मी हाय ना! आत्ता जरा मानवतला निघालोय, बघतो मी." बघतो म्हणजे काय ते धुरपताबाईला कळत होतं. दुसऱ्याला शुगर निघाली. तिसऱ्याला उपवास निघाला, मंगळवारचा, आणि वार होता बुधवार. चौथा म्हणाला, "रक्त दिलं की कमजोरी येते काकू, माझा ऊस तोडायला लागलाय." आजवर तिनं सगळ्यांना खरं सुनावलं होतं, ते त्यांना आज बरं आठवत होतं. परमेश्वर पाटलाच्या लेकानं तर फोनच उचलला नाही.

शेवटी सविता म्हणाली, "माय, ग्रुपवर टाकू." तिनं सगळं नीट लिहिलं, बापूंना काय झालं, कुठं ठेवलंय, किती माणसं पाहिजेत. वर एक फोटो लावला. बन्सीधरचा चांगला फोटो एकच होता, पांढरा फेटा, जोडलेले हात.

इथंच घात झाला. गावात एकट्या माणसाचा हात जोडलेला फोटो ग्रुपवर दोनच वेळा येतो, एक तर तो निवडणुकीला उभा राहिला की, नाहीतर आडवा झाला की. निवडणूक तर लांब होती. खालचं वाचायला कुणाला सवड आहे? अर्ध्या मिनिटात महारुद्रची फुलं पडली. 'भावपूर्ण श्रद्धांजली. गाव पोरकं झालं.' त्याच्या मागं सगळं गाव धावलं. ज्यानं फोन उचलला नव्हता त्याचीही फुलं आली. उपवासवाला म्हणाला, देवमाणूस गेला. आत पलंगावर बन्सीधर श्वास घेत होता, आणि बाहेर त्याच्या आत्म्याला शांती मिळत होती.

सविता रडायला लागली. "माय, बापूला मारलं गं ह्यांनी!" रडत रडतच तिनं लिहिलं, 'बापू जिवंत आहेत.' लगेच खाली उत्तर आलं, 'होय ताई, ते आमच्या हृदयात सदैव जिवंत राहतील.' त्याला बावन्न जणांनी हात जोडले.

तेवढ्यात धुरपताबाईचा फोन वाजला. महारुद्र होता. आवाज एकदम खाली गेलेला. "काकू, लय वाईट झालं. लय मोठा माणूस गेला. मी मानवतवरून माघारी फिरलोय. माती किती वाजता?"

धुरपताबाईच्या तोंडावर उत्तर आलं होतं, मेल्या, जित्ता हाय तो, वाच की जरा! आयुष्यभर तिनं असंच उत्तर दिलं होतं. पण तिच्या मनात आलं, ह्याच माणसाला सकाळी आपण खरं सांगितलं तेव्हा तो मानवतला गेला. आता मेल्याचं कळलं तर माघारी फिरलाय. दवाखान्यात कुणी आलं नाही तर कुणी विचारत नाही. मातीला जो येत नाही, त्याला मात्र गाव विसरत नाही. दाराच्या काचेतून तिला बन्सीधरचे पाय दिसत होते, पांढरेफटक पडलेले. तिच्या कपाळावर घाम फुटला, पाय लटपटायला लागले.

"चारला," ती म्हणाली. "पण आदी हितं दवाखान्यात या. हितून उचलायचंय. माणसं लय लागतील, समद्यांना घेऊन ये बाबा."

फोन ठेवून ती मटकन खाली बसली. सविता तिच्याकडं बघतच राहिली. "माय, तू?" "गप," धुरपताबाई म्हणाली. तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती की लेकीकडं बघवेना.

आणि आले की हो सगळे! दोन टेम्पो, एक जीप आणि मागं मोटारसायकलींची रांग. शुगरवाला आला, उपवासवाला आला, उसवाला कोयता फडातच टाकून आला. हार होते, उदबत्त्या होत्या, भाषणासाठी भोंगाही आणला होता. गंगाखेडला घाईघाईनं छापलेला फ्लेक्स होता. त्यावर बन्सीधर एवढासा कोपऱ्यात आणि महारुद्र मधोमध, दुःखी. दवाखान्याच्या दारात त्यांनी असा काही हंबरडा फोडला की वॉचमनलाही रडू आलं.

धुरपताबाई पुढं झाली. "रडणं थांबवा," ती म्हणाली. "जित्ता हाय. रक्त पायजे."

हंबरडा कापल्यासारखा थांबला. आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! माणसांची तोंडं अशी उतरली की विचारू नका. काम बुडवून आलो, हार आणले, आणि मयतच नाही? उसवाला म्हणाला, "काकू, माणसाच्या मरणावर खोटं बोलता? तुमी?" दुसरा म्हणाला, "आमी तर तुमाला सत्यवादी समजत व्हतो." आजवर त्या सत्यापायी तिला कुणी जवळ बसवलं नव्हतं, आज मात्र त्याचा सगळ्यांना केवढा पुळका आला!

महारुद्र पुढाऱ्यासारखा हात वर करून म्हणाला, "काकू, झालं ते झालं. पण सरळ खरं सांगितलं असतं, तर आमी आलो नसतो का?"

"सांगितलं व्हतं बाबा," धुरपताबाई म्हणाली. "सकाळी तुला फोनवर सांगितलं. मग सवितानं लिहून सांगितलं. तुमी त्याच्यावर फुलं वाहिली."

एक जण गाडी नीट लावून येतो म्हणून गेला, एक जण चहाला गेला. हळूहळू दारातली गर्दी पातळ व्हायला लागली, तसा धुरपताबाईचा धीर सुटला. तिनं पदर पसरला. "पाया पडते, चार जण तरी या." वळली असती का माणसं? देव जाणे. पण मागून कुणीतरी मोबाइल वर धरून हे सगळं टिपत होता, ते महारुद्रच्या ध्यानात आलं. तो लगेच बाही वर करत ओरडला, "चला रे! काकांसाठी पहिलं रक्त माझं!"

मग मात्र रांग लागली. फ्लेक्सवरची 'भावपूर्ण श्रद्धांजली' खाली दुमडली, बन्सीधर त्या दुमडीत गेला, आणि वरचा महारुद्र तेवढा मागं दिसेल असा दोघांनी धरून ठेवला. प्रत्येकाचा फोटो निघाला. शुगर उतरली, उपवास सुटला, कमजोरीही पळाली. चार पाहिजे होते तिथं अकरा झाले. ग्रुपवर नवीन मजकूर पडला, 'महारुद्रभाऊंचे भव्य रक्तदान शिबिर.' त्यावर सगळ्यांनी फुलं वाहिली, सकाळचीच.

जाताना गावच्या दोन बायका धुरपताबाईजवळ आल्या. एकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, जो आजवर कुणी ठेवला नव्हता. "आता गं शिकलीस रीत," ती म्हणाली. "येत जा आमच्यात बसायला." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच माया होती. धुरपताबाईला ते जास्त लागलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बन्सीधरनं डोळे उघडले. ओठ सुकलेले, आवाज अगदी बारीक. धुरपताबाईनं ओल्या कापसानं त्याचे ओठ टिपले. तिचा हात धरून तो म्हणाला, "सविताची माय, लय माणसं आली व्हती म्हणं काल?"

"आली व्हती."

मग त्यानं विचारलं, "माज्यासाठी आली व्हती का गं?"

कोण मातीला आला, कोण फोटोला आला, कोण चहाला म्हणून गेला तो आलाच नाही, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तो तिच्याकडं बघत होता. ही बाई खोटं बोलत नाही, हे साऱ्या गावात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणूनच तर त्यानं तिला विचारलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच आली. समदं गाव रडायलं व्हतं."

बन्सीधर समाधानानं हसला आणि त्यानं डोळे मिटले. धुरपताबाई त्याचा हात धरून तशीच बसली. काल खोटं बोलताना तिला घाम फुटला होता, पाय लटपटले होते. आज काहीच झालं नाही, शब्द आपसूक निघाले. त्याचंच तिला रडू आलं.