कानावर जुळवलेलं इंजिन

आमच्या धंद्यात कान गेले की माणसाने गपगुमान शटर ओढावं. मी नाही ओढलं. कुडाळजवळच्या गॅरेजात मी इंजिनाचे कॉम्प्युटर ट्यून करतो. म्हणजे पेट्रोल किती, ठिणगी केव्हा, हे कंपनीने ठरवलेले आकडे बदलून गाडीची ताकद वाढवतो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, बारीक, चिरके आवाज तुम्हाला आता ऐकू येणार नाहीत आणि यावर औषध नाही. घरी मी चकार शब्द काढला नाही. पोटापेक्षा मानाची भीती जास्त होती, खरं सांगतो.

धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला. वर्षातले आठ महिने दर्यात काढून त्याने एक जुनी, दोन दारांची गाडी घेतली आणि तिला सुपरचार्जर बसवून आणला, पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा. या गाडीपायी त्याने लग्नसुद्धा पुढे ढकललं होतं. चावी माझ्या हातात देऊन म्हणाला, "दादा, आता फुडचा काय ता तूच बघ."

कॉम्प्युटरला चकवणारी छोटी पेटी मधल्या वायरीत जोडता आली असती, पण ते माझ्या लेखी ठिगळ. अख्खा कॉम्प्युटर नवा टाकायचा तर आठवडे मोडणार, आणि भाऊ सुट्टीवर आलेला. म्हणून मूळ कॉम्प्युटरमधलेच आकडे नव्याने लिहायला घेतले. पण सुपरचार्जर असा किंचाळतो की इंजिनावरचा सेन्सर त्यालाच पेट्रोल वेळेआधी पेटल्याची, पिस्टन फोडणारी बारीक चिरकी खडखड समजतो आणि सारखी ताकद कापतो. मी सेन्सरच बधिर करून टाकला. पूर्वीही करायचो. मग इंजिनाच्या ब्लॉकला तांब्याची नळी जोडायची, तिची रबरी टोकं कानात घालायची आणि ठिणगीची वेळ थोडी थोडी आधी आणत खडखड कुठे सुरू होते ते ऐकायचं. "सेन्सरापेक्षा माझो कान बरो," असं मी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत आलो होतो. मेला आगाऊपणा!

त्या दिवशी नळीतून काही म्हणजे काही आलं नाही. मी ठिणगी अजून आधी आणली. तरी शांत. आत कुठेतरी मला कळत होतं, देवाशपथ कळत होतं, की इतकी शांतता खरी नसते. तरी आकडे पक्के केले आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोली घाटात भाऊ चालवत होता, मी बाजूला. चढावर त्याने गाडी दाबली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं खुशीत आहे. तिसऱ्या वळणावर धक्का बसला, मागे निळा धूर, आणि गाडी मेली. पिस्टन फुटला होता. त्या इंजिनाचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कठड्यावर बसून मी बोलायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, सावकाश, माझ्या तोंडासमोर येऊन, "खडखड माका आयकाक येय होती, दादा. पयल्या वळणापासून."

"मगे थांबलंस कित्याक नाय?"

"तू आपणान सांगशीत म्हणान, आयकाक येणा नाय ता."

मग तोच म्हणाला, "गेल्या चवथीक, गणपतीत, तुज्या मागे उभो रवान तीनदा हाक मारलंय. तू वळलंसच नाय. तेवाच माका कळला."

"आणि तरी गाडी माज्याकडे दिलंस?"

"कोल्हापुराक दुसऱ्या ट्यूनरकडे न्हेली असती तर तू त्याच दिवशी खचलो असतंस."

त्याने मला आईवरून शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. शिव्या कारागिराला घालतात. माझी त्याने कीव केली होती.