बाया दवाखान्यात का येत नव्हत्या

दर महिन्याला एक तक्ता भरून वर पाठवावा लागायचा. त्यात घरी झालेल्या प्रत्येक बाळंतपणापुढे एक रकाना होता, 'दवाखान्यात न येण्याचे कारण'. माझ्या आधीच्या नर्सबाईनं पहिल्या ओळीत 'अज्ञान' लिहिलं होतं आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे'. मी रुजू झाले त्या दिवशी डॉक्टरांनी तो जुना तक्ता माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "असंच लिहीत जा. इथल्या बायांना दवाखाना कशाशी खातात ते ठाऊक नाही."

मी तसंच लिहिलं. चांगलं वर्षभर लिहिलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नागपूरला सुईणकामाचं शिक्षण घेतलं होतं आणि त्यासाठी फुलसावंगीला थोरल्या भावाशी उभं भांडण करून घर सोडलं होतं. परक्या बायांचं रक्तपाणी काढणारी बहीण त्याला नको होती. एवढं करून मिळवलेल्या पांढऱ्या लुगड्याचा मला फार ताठा होता. जी बाई माझ्याकडे येत नाही ती अडाणीच असणार, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. घाटंजी आणि पांढरकवडा यांच्या मधलं आमचं गाव, सभोवती पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची वावरं आणि त्यापलीकडे जंगलाला लागून कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. दवाखाना तीन खोल्यांचा. त्यातल्या एका खोलीत बाळंतपणाचं लोखंडी टेबल होतं. झाडलोटीला एक बाई यायची, माझ्याच वयाची, बोलायला तिखट. तिला दिवस गेले होते. तिचं घर दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. नवव्या महिन्यात एक दिवस ती कामावर आली नाही, आणि दुपारी भिंतीपलीकडून लेकराचं रडणं ऐकू आलं. गावातल्या म्हाताऱ्या दाईकडून ती घरीच मोकळी झाली होती.

मला ते झोंबलं. मी तशीच तिच्या घरी गेले. ती बाजेवर पडून होती, लेकरू कुशीत.

"काहून आली नाही तू? चार पावलांवर दवाखाना आहे," मी म्हटलं.

"त्या टेबलावर?" ती म्हणाली. "बाई, ते टेबल मी रोज पुसते. थंडगार लोखंड हाये. इतकं उंच, का दोघी जणी लागतात चढवायले. पाय दरवाजाकडे, अन् दरवाजाले कडी नाही. बाहेर माणसं दवाईच्या बाटल्या घेऊन उभी. मी आतून पाह्यलं हाये सारं. माह्या जिवाले मी तथी कायले नेऊ?"

त्या महिन्याच्या तक्त्यात तिच्या नावापुढे आले तेव्हा माझा हात थांबला. अज्ञान कसलं? त्या खोलीबद्दल तिला माझ्याहून जास्त माहिती होती. मी रकाना कोरा ठेवला.

कपाटात देवीच्या लशीची एक न वापरलेली नोंदवही पडून होती. ती मी घेतली आणि बायांना विचारायला सुरुवात केली. पहिले दोन आठवडे फुकट गेले. "दवाखान्यात का नाही आलीस?" असं विचारलं की प्रत्येकीचं उत्तर एकच, "येळच नाही भेटला जी." सरकारी माणसाला द्यायचं ते उत्तर. वही उघडली की त्यांची तोंडं मिटायची. मग मी वही घरी ठेवली. कापूस वेचायचे दिवस होते. सकाळच्या गृहभेटी आटोपल्या की मी वावरात जायचे, कंबरेला ओटी बांधायचे आणि त्यांच्या ओळीत उभी राहून कापूस वेचायचे. प्रश्नही बदलला. "तुझं बाळंतपण कसं झालं ते पहिल्यापासून सांग," एवढंच म्हणायचे आणि गप्प राहायचे. संध्याकाळी घरी आले की ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत लिहून काढायचे.

बाया बोलल्या. किती बोलल्या! एका शिंप्याची बायको म्हणाली, "खिडकीले पडदा नाही. आमच्यात हे चालत नाही, अन् तुमच्यात तरी कसं चालते?" चांगल्या खात्यापित्या घरची सून म्हणाली, "माही माय दारात बसून रडत होती. मी आतमधी. तिले एकदा हात धरू द्याचा होता." पोडावरच्या एका कोलाम बाईनं मलाच उलट विचारलं, "वार कुठी टाकता तुमी?" मी म्हटलं, मागच्या खड्ड्यात. ती म्हणाली, "कुत्रे उकरतात. आमी पाह्यलं." मी मागे जाऊन बघितलं. कुत्री उकरतच होती.

हे सगळं लिहिताना मला जोर चढत होता. डॉक्टरांनी केलं, आधीच्या नर्सनं केलं, खात्यानं केलं, असं मनात चाललं होतं. अशातच एका वावरात एक पोरसवदा बाई भेटली. तिचं बाळंतपण दवाखान्यात माझ्याच हातून झालं होतं. पहिलटकरीण, लेकरू सुखरूप. वाटलं, ही तरी चार शब्द बरे बोलेल.

"तुमी मारलं मले," ती कापूस वेचता वेचताच म्हणाली.

"मी?"

"व्हय. मी ओरडली त मांडीवर दोन चापटा देल्या. म्हणाल्या, तेव्हा नाही ओरडली, आता कायले ओरडतं. तुमाले याद नसन. मले हाये."

आवाजात राग नव्हता. पाऊस कधी पडला ते सांगावं तसं तिनं सांगितलं. मला खरंच आठवत नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. शिकत असताना मोठ्या सिस्टर तसंच बोलायच्या, तसंच मारायच्या; बाई भानावर राहते म्हणायच्या. मी हात उचलायला शिकले, पुढे हात कधी उठतो ते कळेनासं झालं.

तीन दिवस मी वही उघडली नाही. ती ओळ गाळली असती तर कुणाला कळणार होतं? चौथ्या दिवशी स्वतःचाच राग आला. बायांनी खरं बोलावं म्हणून त्यांच्या मागे फिरायचं आणि आपल्यावर आलं की पान मिटायचं? मी लिहिलं, 'मांडीवर दोन चापटा. मारणारी मी.' त्यानंतर ज्या ज्या बायांचं बाळंतपण मी केलं होतं त्या सगळ्यांकडे गेले. आणखी दोघींनी तेच सांगितलं, आणि त्यांचं ऐकून त्यांच्या जावा-शेजारणी घरीच बाळंत झाल्या होत्या. तेही लिहिलं.

मग गावातल्या त्या म्हाताऱ्या दाईकडे गेले. पिंजाऱ्याची विधवा, साठीच्या पुढची. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागले. "मला बघू दे तू काय करतेस ते," म्हटलं. तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "बघ. पर बोलायचं नाही."

तिच्या हाताखाली बाई उकिडवी बसायची, आढ्याला बांधलेला दोर धरायची, मायच्या गळ्यात पडायची, ओरडायची. खाला म्हणायची, "ओरड बेटी, तुझंच घर हाये." घाई नव्हती. पण नाळ कापायला तिनं कुडात खोचलेला विळा काढला आणि कापल्या जागी राख लावली, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. बाहेर आल्यावर विचारलं, "खाला, आठवडाभरात अंग आखडून जाणारी लेकरं तू पाहिली आहेस ना?"

"पाह्यली. नजर लागते."

"नजर नाही, धनुर्वात. त्या विळ्यानं होणारा."

तिनं आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले. मग म्हणाली, "माह्या हातून गेले म्हणतं?"

"हो," मी म्हटलं. "आणि माझ्या हातानं मी बायांना मारलंय. तेही लिहून ठेवलंय."

ती खाली बसली. डोळ्यांना पदर लावला, पण मला जा म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर आली आणि हात पुढे करून म्हणाली, "तुझं पातं दे. कसं उकळायचं ते दाखव."

त्यानंतर मी कुणाला न विचारता खोली बदलली. टेबल भिंतीला लावलं, जुन्या चादरीचा पडदा शिवला, दाराला कडी बसवून घेतली, खड्डा खोल खणून त्यावर दगड ठेवले. थोड्या दिवसांनी झाडलोटीच्या बाईनं आपल्या धाकट्या बहिणीला आणलं. भर दुपार होती. जमिनीवर स्वच्छ सतरंजी, बहीण उकिडवी, पाठीशी तिची माय. डॉक्टरांनी दार ठोठावलं. मी कडी काढून फट केली.

"हा दवाखाना आहे की गोठा?" ते म्हणाले. "टेबलावर घ्या तिला."

"बाळ येतंय साहेब. बाहेर थांबा."

"मी तुम्हाला हुकूम देतोय."

"हुकूम नंतर लिहून द्या. आता थांबा." आणि मी कडी लावली.

पुन्हा दाराकडे वळून पाहिलं नाही. लेकरू आलं, रडलं. वार पूर्ण पडली, रक्त बेतानंच गेलं. दार उघडलं तेव्हा डॉक्टर व्हरांड्यात उभेच होते. आत येऊन त्यांनी आईची नाडी पाहिली, लेकराला बघितलं आणि निघून गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच.

महिनाअखेरीस मी तक्ता भरला, आधीच्या महिन्यांची कोरी राहिलेली कारणंही त्यात घेतली. रकान्यात लिहिलं : थंड टेबल. पडदा नाही. आईला आत घेत नाहीत. नर्सने मारले. डॉक्टरांनी तो परत केला. "पुन्हा लिहा."

"बायांनी सांगितलं ते लिहिलंय. त्यांना अज्ञानी लिहायचं असेल तर तुमच्या हातानं लिहा."

त्यांनी लिहिलं नाही. खाली फक्त 'नर्सचे वैयक्तिक मत' असा शेरा मारून सही केली आणि तक्ता वर गेला.

पुढच्या बैठकीत जिल्ह्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी तो कागद हातात धरला. खोलीत तालुक्यातले डॉक्टर आणि भिंतीला टेकून आम्ही चार-पाच नर्सा. "खात्याची बदनामी करायची हौस कुणाला आली?" त्यांनी विचारलं. "कोणत्या नर्सनं मारलं? नाव का नाही लिहिलं?"

मी उभी राहिले. "मी मारलं साहेब."

त्यांना ते अपेक्षित नव्हतं. त्यांनी कागद पुन्हा वाचला. "म्हणजे गुन्हा कबूल आहे तुम्हाला?"

"आहे. शिक्षा मला करा. पण बाकीचं लिहिलेलं खोडू नका. आणि इथं बसलेल्या प्रत्येकीला विचारा, तिनं कधी हात उचलला का."

कुणी वर बघेना. बाजूच्या नर्सनं माझ्या लुगड्याचा काठ ओढला, "बस ना गं." मी बसले नाही. साहेबांनीच विषय बदलला, तोवर उभी होते.

मेमो आला. 'अधिकाराबाहेर चौकशी करणे व वरिष्ठांशी उद्धट वर्तन' याचा खुलासा मागितला होता. खुलासा म्हणून मी वहीतल्या सगळ्या पानांची नक्कल करून पाठवली. त्याचं उत्तर आलं नाही, बदली आली. पांढरकवड्याच्या पलीकडे, जंगलातल्या उपकेंद्रात. तेही चांगलंच झालं. तिथं मला कुणी साहेब नव्हता, आणि कोलाम बायांची भाषा शिकायला दोन वर्षं मिळाली. जुन्या गावची बातमी येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कळायची. खोली मी ठेवली तशीच होती. माझ्या जागी आलेल्या नर्सला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं म्हणे, बाईच्या आईला आत घेत जा.

पुढं निवृत्तीच्या वेळी एका भल्या कारकुनानं माझं सेवापुस्तक चाळलं. त्यात तो जुना शेरा होता, 'उद्धट'. तो म्हणाला, "बाई, अर्ज करा, हे काढून टाकू. इतक्या वर्षांची नोकरी, एवढा एकच डाग."

"राहू द्या," मी म्हटलं. "होतेच मी."