खाणीत टाकलेले केळीचे खांब

आमच्या बांधाला लागून खडीची खाण होती. नव्वदच्या आसपास चोपड्याचा रस्ता झाला आणि खाण बंद पडली. मागे राहिला दोन पुरुष खोल खड्डा. माझी एक शेळी त्यात पडली, तेव्हा तो बुजवायचं मीच ठरवलं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं तर ऐकू नका, ही अक्कल माझी.

एवढी माती कोण देणार? केळीचे खांब मात्र फुकट. घड कापला की खांब तोडून रस्त्याच्या कडेला फेकायचे, ही आमच्याकडची रीत. मी सांगितलं, खाणीत फेका. लोक खूश. गाड्यांवर गाड्या आल्या. महिन्याभरात खड्डा काठोकाठ भरला. वर वीतभर माती पसरली आणि दिराला म्हटलं, "बघा भाऊ, जमीन झाली."

केळीच्या खांबात पाणीच असतं, हे जन्म केळीत गेलेल्या बाईला माहीत नव्हतं का? होतं. ढीग बघून विसरले.

आषाढात शेजारणीची म्हैस त्या जमिनीवर चरायला गेली. शेजारीण ओरडत आली, "अक्का, धाव वं! म्हैस खड्डामा उतरी गयी!" पोटापर्यंत रुतली होती. दोर लावून ओढली, तर अंगाला असा वास की धार काढायला कुणी जवळ जाईना. मी हसले.

आठ दिवसांनी तोच वास माझ्या विहिरीला आला. मग नाही हसले. घर आणि गुरं, सगळं त्या एका विहिरीवर.

गावातले एक नाना पूर्वी खाणीत सुरुंग लावायचे. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं. म्हणाले, "खाननी फट तुन्ही विहीरमा येल शे. बठ्ठं पानी तठूनच येस."

खरंच होतं. खाणवाले पंप लावून खड्डा उपसायचे, तेव्हा माझी विहीर आटायची.

"मग खांब टाकताना का नाही बोललात?"

"तू कोन्हं ऐकस का?"

वर्षभर त्या म्हशीच्याच घरून पाणी वाहिलं. हंडा भरेपर्यंत शेजारीण रोज विचारायची, "अक्का, तुन्ही नवी जमीन कशी शे?"

पाऊस संपल्यावर गाडीवाल्यांना परत बोलावलं. टाकायला हसत आले होते, काढायला तोंडं वाकडी. "हा चिखल कुठे टाकायचा?" म्हणाले. मी म्हटलं, "स्वतःच्या शेतात. खत झालंय त्याचं." मग मात्र भांडून नेला.

पुढचं नानांनी सांगितलं ते मी निमूट केलं. आयुष्यात पहिल्यांदा. खाणीचा खोल भाग उघडाच ठेवला. उथळ बाजूला खरी माती भरून निंब लावले. शेळ्यांसाठी काठावर काट्यांचं कुंपण घातलं. शेतातून वाहून येणारं पाणी चारीने वळवलं आणि खाणीत शिरण्याआधी एक लहान खड्डा खणला, म्हणजे गाळ तिथेच बसेल. तो खड्डा दरवर्षी उन्हाळ्यात मी स्वतः उपसायची.

पुढच्या श्रावणात विहिरीचं पाणी वर आलं. पहिली कळशी काढली. नाना आणि शेजारीण शेजारी उभे. नानांना म्हटलं, "घ्या."

"आधी तू पी," नाना म्हणाले. "खांब तुन्हा व्हतात."

प्यायले. पाण्याला दगडाची चव होती. बाकी कसलीच नव्हती. मग शेजारणीने तिचा हंडा पुढे केला.