पुलाखालच्या उशा

राज्य महामार्गावरचा आमच्या गावाजवळचा पूल त्या सकाळी बंद होता. स्कूटर अडली, म्हणून मी कोरड्या नदीपात्रात उतरले. खांबाजवळ हेल्मेट घातलेली एक तरुण इंजिनीअर उभी होती. काय चाललंय, म्हणून मी विचारलं.

“पूल उचलतोय, काकू,” ती म्हणाली. “पूल आणि खांब यांच्यामध्ये रबराच्या उशा असतात. त्या झिजल्यात, बदलायच्या आहेत.”

इतकी वर्षं या पुलावरून ये-जा केली, पण पुलालाही उशी लागते हे मला ठाऊक नव्हतं. कामगारांनी पूल उचलणारे जॅक सुरू केले. ते अजस्र धूड हळूहळू वर सरकू लागलं आणि खालची कबुतरं उडाली. तेवढ्यात तिनं हात वर केला.

“थांबा. डावी बाजू मागे राहतेय. तडा जाईल. खाली घ्या, पुन्हा उचलू.”

वर रस्त्यावर अडकलेले ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. तिनं तिकडे पाहिलंही नाही. दुपारपर्यंत नव्या उशा बसल्या आणि पूल अलगद खाली टेकला.

रस्ता खुला झाला. पहिली एसटी निघाली तेव्हा ती इंजिनीअर पुलाखालीच, खांबाला तळहात लावून उभी राहिली. डोक्यावरून गाडी धडधडत गेली. आतल्या कुणाला काही जाणवलं नसेल. आपण बिनघोर पुढे जातो, कारण कुणीतरी आपल्या आधी खाली उभं राहून खात्री करून घेतलेली असते.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “जा आता, काकू.”

पुलावर आल्यावर मी स्कूटर अगदी सावकाश चालवली. ती अजून खालीच होती.